आलेख आडवा झाला, तरी श्रेणी अपसारी कशी? कॅल्क्युलेटरवर अनंत श्रेणी तपासताना वारंवार येणारी अडचण

दर सेमिस्टरला अनंत श्रेणींचा धडा सुरू झाला की हाच प्रश्न परत येतो. श्रेणी कॅल्क्युलेटरवर टाकली, आलेख सुरुवातीला भराभर चढला, मग आडवा झाला, म्हणून वहीत ‘अभिसारी’ (बेरीज एका ठरावीक आकड्याला पोचते) लिहिलं आणि उत्तर चुकलं. कधी याच्या उलट होतं. मध्येच एरर आली म्हणून ‘अपसारी’ (बेरीज अशी कुठेच पोचत नाही) लिहिलं, आणि तेही चुकलं. यवतमाळ, वाशिम, बुलढाण्याकडच्या खेड्यांतली पोरं-पोरी हा धडा बरेचदा एकट्यानेच करतात. तास संपला की एसटी गाठायची, घरी कापूस वेचायला माणसं कमी, आणि रात्री वही उघडली तर शंका विचारायला जवळपास गणितवाला कुणी नाही. म्हणून ही अडचण कुठे कुठे असते आणि प्रत्येक ठिकाणी काय करायचं, ते सविस्तर लिहितो आहे.

साधनांचं आधी सांगतो. खरा ग्राफिंग कॅल्क्युलेटर आमच्या भागात क्वचितच कुणाच्या हातात दिसतो. बहुतेकांकडे कॅसिओचा सायंटिफिक असतो आणि फोनवर डेस्मॉस किंवा जिओजेब्रा. तेवढं पुरे आहे. दोन्ही ॲप एकदा उतरवून घेतली की नेट नसतानाही चालतात, त्यामुळे वावरात रेंज नसली तरी काम अडत नाही. यूट्यूबवरचे पुष्कळ व्हिडिओ टीआय-८४ या ग्राफिंग कॅल्क्युलेटरवर दाखवलेले असतात. त्यातली बटणं आपल्या यंत्रावर शोधत बसू नका. त्या यंत्रावरच्या यादीत ९९९ च्या पुढे पदं बसतही नाहीत, म्हणजे या कामापुरता तुमचा फोन त्याच्या पुढे आहे. खाली सूत्रं देवनागरीत लिहिली आहेत; यंत्रावर एन, के, एक्स ही इंग्रजी अक्षरंच दाबायची. पहिल्या एन पदांच्या बेरजेला मी एस(एन) म्हणतो आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या. कुठलंही यंत्र अनंत पदं मिळवत नाही. ते १००, १०००, फार तर काही लाख पदं मिळवतं आणि ती बेरीज दाखवतं. श्रेणी अभिसारी आहे की अपसारी, हे त्या पदांच्या पुढे जे उरलं आहे त्यावर ठरतं, आणि तेवढाच भाग पडद्यावर नसतो. त्यामुळे ‘आलेख आडवा दिसतो का?’ हा प्रश्नच कामाचा नाही. कामाचा प्रश्न कोणता, ते पुढे येतं. आधी टायपिंगच्या भानगडी उरकू.

टाकतानाच होणारी गडबड

कंस सगळ्यात आधी बघा. १/(एन(एन+१)) ही श्रेणी घ्या. तिची बेरीज बरोबर १ येते. आता बाहेरचा कंस न देता १÷एन(एन+१) असं टाकलं, तर काही यंत्रं एन(एन+१) हा गुणाकार आधी करतात आणि काही आधी १÷एन करून मग (एन+१) ने गुणतात. दुसऱ्या प्रकारात पद (एन+१)/एन होतं, ते १ कडे जातं आणि बेरीज वाढतच राहते. एकाच बाकावरच्या दोघांना दोन उत्तरं येतात ती यामुळे. छेद पूर्ण कंसात घाला, मग यंत्र कुठलंही असो.

सुरुवातीचं एन बघा. छेदात लॉग एन असेल तर एन = १ ला छेद शून्य होतो, कारण १ चा लॉग शून्य. तिथे एरर आली तर तिचा श्रेणीच्या स्वभावाशी काही संबंध नाही; एन = २ पासून सुरू करा. सुरुवातीची दोन-चार पदं गाळल्याने बेरीज बदलते, पण श्रेणी अभिसारी की अपसारी हे बदलत नाही. कॅसिओवर ‘लॉग’ हे बटण १० च्या पायाचं आहे आणि ‘एलएन’ हे ई च्या पायाचं. चुकून दुसरं दाबलं तरी निष्कर्ष तोच राहील, फक्त आकडे पुस्तकाशी जुळणार नाहीत. इथले सगळे आकडे ‘एलएन’ चे आहेत.

चिन्ह बदलणारी श्रेणी असेल तर आलेखच उमटत नाही, ही तक्रार फार येते. (−१) चा एक्सवा घात एक्स = २.५ ला वास्तव संख्येत नसतोच, म्हणून अखंड रेघ काढू पाहणारं यंत्र कोरा पडदा दाखवतं. उपाय असा की एक्सचा आलेख न काढता एन = १ ते १०० अशी यादी द्यायची आणि बिंदू काढायचे. जिओजेब्रात त्यासाठी ‘सीक्वेन्स’ ही आज्ञा आहे, डेस्मॉसमध्ये चौकटी कंसात यादी लिहिता येते. काही जण (−१) च्या घाताऐवजी कोसाइन(पाय × एन) लिहितात (पाय म्हणजे π). तेही चालतं, पण मोड रेडियनच हवा. दहावीपर्यंत त्रिकोणमिती डिग्रीत केलेली असते, त्यामुळे सायंटिफिक कॅल्क्युलेटर बरेचदा डिग्रीवरच राहून गेलेला असतो. डिग्री मोडमध्ये कोसाइन(पाय) म्हणजे ३.१४ अंशांचा कोसाइन, म्हणजे ०.९९८५. मग वजा व्हायला हवी होती ती पदंही अधिक येतात, आणि (−१)^एन / एन ही जी श्रेणी −०.६९३१ ला थांबायला हवी ती भलतीच वर चढते. पडद्याच्या वर ‘डी’ आहे की ‘आर’, ते पाहूनच सुरुवात करा.

एरर म्हणजे अपसारी नव्हे

फॅक्टोरियल (१ पासून त्या आकड्यापर्यंतच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार, खूण !) आलं की कॅसिओ ७० ला अडतो. ६९ चं फॅक्टोरियल सुमारे १.७१ × १०^९८ आहे, ते यंत्रात मावतं. ७० चं १०^१०० च्या वर जातं आणि यंत्राची मर्यादा त्याच्या आतच संपते. फोनवरची ॲप १७० पर्यंत जातात, १७१ ला तीही अडतात. आता १००^एन / एन! ही श्रेणी टाका. एन = ५० लाच अंश १०^१०० होतो आणि कॅसिओवर मॅथ एरर येते. पुष्कळ जण इथेच थांबून ‘बेरीज अनंत झाली’ असं लिहितात. गुणोत्तर कसोटी लावा: पुढचं पद भागिले आधीचं पद म्हणजे १००/(एन+१). हे शून्याकडे, म्हणजे १ पेक्षा कमी आकड्याकडे जातं, म्हणून श्रेणी अभिसारी आहे. एन = ० पासून धरली तर बेरीज ई चा १०० वा घात, सुमारे २.६९ × १०^४३.

यंत्रावर पाहायचंच असेल तर अंश आणि छेद वेगळे काढूच नका. आधीच्या पदावरून पुढचं पद काढा: आधीचं पद गुणिले १००, भागिले नवा एन. सगळ्यात मोठं पद एन = १०० च्या जवळ येतं आणि ते सुमारे १.०७ × १०^४२ असतं, म्हणजे यंत्राच्या मर्यादेच्या फार आत. ज्या कॅल्क्युलेटरवर कोलन देऊन दोन-तीन सूत्रं एकामागे एक चालवता येतात, त्यावर एक्स = एक्स+१, ए = ए×१००÷एक्स, बी = बी+ए अशी साखळी लावा. सुरुवातीला एक्स शून्य, ए आणि बी १. मग नुसतं बरोबरचं बटण दाबत गेलं की पद आणि बेरीज दोन्ही दिसत जातात.

याच जातीची दुसरी फसगत: १०^एन / एन! ची पहिली पदं १०, ५०, १६६.६७, ४१६.६७ अशी फुगत जातात. नवव्या-दहाव्या पदाला २७५५.७३ पर्यंत पोचतात आणि तिथून उतरू लागतात. पहिली आठ पदं पाहून पेन खाली ठेवला तर उत्तर चुकणारच.

आडवा आलेख: खरी अडचण इथे आहे

आता मुख्य मुद्दा. १/एन ची श्रेणी, म्हणजे १ + १/२ + १/३ + १/४ आणि पुढे. दिग्रसकडच्या एका विद्यार्थिनीने फोनवर मला अगदी ठामपणे विचारलं होतं, “सर, रेघ तं आडवी झाली नं. आता आणखी कायले वाढन ते?” तिच्या पडद्यावर एक्स अक्ष १००० पर्यंत होता आणि बेरीज साडेसातच्या खाली. डोळ्याला ती रेघ आडवीच होती, तिचं काही चुकत नव्हतं. मी म्हटलं, “बेटा, आलेख राहू दे. मला फक्त चार आकडे वाचून दाखव: एस(१००), एस(२००), एस(४००) आणि एस(८००).” तिने वाचले: ५.१८७, ५.८७८, ६.५७०, ७.२६२. मग वजाबाक्या करायला सांगितल्या. ०.६९१, ०.६९२, ०.६९२. दोन क्षण ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “हे तं तेवढंच वाढून राहिलं, सर. कमीच नाही होत.”

हेच पाहायचं असतं. पदांची संख्या दुप्पट केली की बेरजेत किती भर पडते? १/एन मध्ये प्रत्येक दुपटीला जवळपास ०.६९३, म्हणजे २ चा लॉग, एवढी भर पडते. ती भर कधीच आटत नाही, आणि दुपटी कितीही वेळा करता येतात, म्हणून बेरीज कुठल्याही आकड्याच्या पुढे जाते. याची सिद्धता निकोल ओरेम या फ्रेंच विद्वानाने १३५० च्या सुमारास दिली. १/३ + १/४ हे अर्ध्यापेक्षा जास्त. १/५ ते १/८ ही चार पदं मिळून अर्ध्यापेक्षा जास्त. १/९ ते १/१६ ही आठ पदं मिळून परत अर्ध्यापेक्षा जास्त. वर आपण यंत्रावर केलं ते हेच आहे.

मग आलेख आडवा का दिसतो? कारण चढ खरोखरच फार मंद आहे. बेरीज १० च्या पुढे जायला १२,३६७ पदं लागतात, २० च्या पुढे जायला २७,२४,००,६०० पदं, आणि १०० च्या पुढे जायला सुमारे १.५ × १०^४३. फोनच्या पाच इंची पडद्यावर हा चढ दिसूच शकत नाही. शेत नुसतं बघून सपाट वाटतं, पण पाऊस पडला की पाणी कोणत्या धुऱ्याकडे धावतं त्यावरून त्याचा उतार कळतो. दुपटीची भर इथे त्या पाण्याचं काम करते.

इतकंच नाही, यंत्र स्वतःच अपसारी श्रेणी थांबवू शकतं. १/एन ची पदं क्रमाने ३२ बिटांच्या अचूकतेने मिळवत गेलं तर सुमारे २०,९७,१५२ व्या पदाशी बेरीज १५.४०३७ जवळ गोठते. पुढचं पद इतकं लहान असतं की मिळवल्यावर शेवटचा अंकही हलत नाही. तो थांबा यंत्राच्या अंकांचा आहे, श्रेणीचा नाही.

आता शेजारी १/एन² ठेवा. एस(१००) = १.६३४९८४, एस(२००) = १.६३९९४७, एस(४००) = १.६४२४३७, एस(८००) = १.६४३६८५. भर अशी: ०.००४९६३, ०.००२४९०, ०.००१२४८. प्रत्येक वेळी निम्मी. भर निम्मी-निम्मी होत गेली की पुढच्या सगळ्या भरींची मिळून बेरीज मर्यादेतच राहणार. ही श्रेणी पाय²/६ ला, म्हणजे १.६४४९३४ ला पोचते, हे ऑयलर या गणितज्ञाने १७३५ साली मांडलं. एन पदांनंतर किती उरलं, याचाही अंदाज हातात आहे: १/(एन+१) पेक्षा जास्त आणि १/एन पेक्षा कमी. म्हणजे १००० पदं घेतली तरी तिसऱ्या दशांश स्थळी फरक राहतोच. ‘सर, पाय²/६ शी उत्तर जुळत नाही’ अशी तक्रार येते तिचं कारण हे. यंत्र बिघडलेलं नसतं.

हेच चित्रात पाहायचं असेल तर आडव्या अक्षावर एन नको, दुपटींची संख्या घ्या. के = १ ते १२ अशी यादी, आणि प्रत्येक केला एस(२^के) चा बिंदू. १/एन चे बिंदू जवळपास सरळ तिरप्या रेघेत चढत जातात, १/एन² चे बिंदू वाकून आडवे होतात. दोघींमधला फरक आता डोळ्याला दिसतो. के १४-१५ च्या पुढे नेला तर साधा फोन मंदावतो; तो अडकला असं समजून ॲप लगेच बंद करू नका, थोडा वेळ द्या. कॅसिओवर सिग्मा (बेरजेचं बटण) मोठ्या आकड्यापर्यंत चालवला तर तोही बराच वेळ घेतो.

दुपटीची भरही जिथे पुरत नाही

एवढं कळलं की पोरं खूश होतात, आणि मग परीक्षेत हमखास येणारी दोन उदाहरणं समोर येतात: १/एन^१.१ आणि १/(एन × लॉग एन). पहिली अभिसारी, दुसरी अपसारी. कॅल्क्युलेटरवर मात्र अगदी उलटं वाटतं.

१/एन^१.१ ची १००० पदांची बेरीज ५.५७ येते. १० लाख पदं घेतली की ८.०७. बेरीज चांगलीच चढते आहे, म्हणून ‘अपसारी’ लिहायचा मोह होतो. पण खरी बेरीज १०.५८ आहे आणि श्रेणी तिथे पोचते, फक्त फार सावकाश. दुसरीकडे १/(एन × लॉग एन) ची बेरीज १००० पदांना २.७३ आणि १० लाख पदांना ३.४२. ही तर थांबलीच असं वाटतं, आणि हीच अनंताकडे जाते.

दुपटीची भर काढू. एन = १००० पासून पहिल्या श्रेणीत भर येते ०.३३५५, ०.३१३१, ०.२९२२. दुसरीत ०.०९५६, ०.०८७३, ०.०८०३. दोन्हींत भर कमी होते आहे. आता प्रत्येक भरीला आधीच्या भरीने भागा. पहिलीत ०.९३३, ०.९३३. दुसरीत ०.९१३, ०.९२०. नुसत्या आकड्यांकडे पाहिलं तर अपसारी श्रेणीच जास्त वेगाने आटताना दिसते! इथे घाईने निष्कर्ष काढला तर दोन्ही उत्तरं उलटी होतील.

नजर कुठे ठेवायची ते सांगतो. पहिलीतलं गुणोत्तर ०.९३३ वर बसलं आहे आणि तिथून हलत नाही. तो २ चा −०.१ वा घात आहे. १ पेक्षा कमी असलेल्या एका जागी गुणोत्तर पक्कं बसलं की भरी गुणोत्तर श्रेढीसारख्या आटतात आणि बेरीज मर्यादित राहते. दुसरीतलं गुणोत्तर बसलेलं नाही. ते ०.९१३, ०.९२०, ०.९२६ असं हळूहळू वर सरकतं आहे आणि १ कडेच जातं आहे. गुणोत्तर १ वरच असेल, जसं १/एन मध्ये, किंवा १ च्या वर असेल, तर श्रेणी अपसारी समजायला हरकत नाही. पण ते खालून १ कडे सरकत असेल, तर यंत्राचं काम तिथे संपलं. कितीही पदं वाढवा, पडद्यावरून निकाल लागणार नाही. कारण १/(एन × लॉग एन) प्रमाणेच १/(एन × (लॉग एन)²) चं गुणोत्तरही १ कडेच सरकतं, आणि ही तिसरी श्रेणी अभिसारी आहे.

या तिसरीचे आकडे मला स्वतःला फार महत्त्वाचे वाटतात. एन = २ पासून तिची बेरीज २.१०९७ आहे. १० लाख पदांनंतर यंत्र २.०३७ दाखवतं. उरलेला भाग जवळपास १/लॉग एन एवढा असतो, म्हणून तो ०.०१ च्या खाली आणायला लॉग एन १०० व्हावा लागतो, म्हणजे २.७ × १०^४३ पदं. इतकी पदं कुठलंही यंत्र मिळवू शकणार नाही. कागदावर मात्र हा हिशेब दोन ओळींत बसतो.

तो कागदावरचा मार्ग म्हणजे कॉशी या फ्रेंच गणितज्ञाची कंडेन्सेशन टेस्ट, १८२१ च्या त्याच्या ग्रंथातली. पदं धन असावीत आणि वाढत नसावीत, एवढीच अट. मग मूळ श्रेणीऐवजी २^के × (२^के वं पद) ही नवी श्रेणी तपासायची. दोन्ही एकदमच अभिसारी किंवा एकदमच अपसारी असतात. १/एन ला हे लावलं की प्रत्येक पद १ होतं, अपसारी. १/(एन × लॉग एन) ला लावलं की १/(के × लॉग २) होतं, म्हणजे परत तीच १/के ची ओळखीची श्रेणी, अपसारी. १/(एन × (लॉग एन)²) ला लावलं की छेदात के² येतो, म्हणून अभिसारी. वर यंत्रावर आपण दुपटीची भर काढत होतो ती याच कसोटीची पायरी होती, त्यामुळे वहीत कसोटी लिहिताना ती परकी वाटत नाही. समाकल कसोटीनेही हेच निकाल येतात. ज्याला इंटिग्रेशन सोपं जातं त्याने ती वापरावी.

वर-खाली नाचणारी बेरीज

१ − १/३ + १/५ − १/७ अशी चिन्ह बदलणारी श्रेणी टाकली की बिंदू वर-खाली उड्या मारतात, आणि ‘ही स्थिरच होत नाही’ म्हणून ती अपसारी ठरवली जाते. उड्यांची उंची बघा. ती कमी होत शून्याकडे जात असेल तर लायब्निझची कसोटी लागू होते आणि श्रेणी अभिसारी ठरते. खरी बेरीज दर वेळी शेजारच्या दोन बिंदूंच्या मध्ये असते. या श्रेणीची चौपट पाय देते. १० पदांना ३.०४१८ येतं, ११ पदांना ३.२३२३, दोन्हींची सरासरी ३.१३७१, म्हणजे कितीतरी जवळ.

ही श्रेणी संगमग्रामच्या माधवाच्या नावाशी जोडलेली आहे. केरळातला, चौदाव्या-पंधराव्या शतकातला गणिती. त्याच्या परंपरेत उरलेल्या भागाची दुरुस्तीही दिली आहे. पहिली दुरुस्ती अशी की एन पदांनंतर १/(४एन) मिळवायचं किंवा वजा करायचं, पुढच्या पदाचं जे चिन्ह असेल त्याप्रमाणे. १० पदांवर ती लावा: चौपट केल्यावर ०.१ ची भर पडते आणि ३.१४१८ मिळतं. नुसती पदं मिळवून इथपर्यंत यायला हजारो पदं लागली असती. कॅल्क्युलेटर हातात असताना हे एकदा करून बघाच. उरलेल्या भागाचा विचार किती कामाला येतो ते स्वतः पाहिल्याशिवाय पटत नाही.

मधूनच उडी मारणारा आलेख

कधीकधी कुणी तरी १/(एन³ × साइन² एन) ही श्रेणी घेऊन येतं; तिला फ्लिंट हिल्स श्रेणी म्हणतात. एन = ३५४ पर्यंत बेरीज ४.८ च्या आसपास अगदी शांत असते, आणि ३५५ ला एकदम सुमारे २४.६ ने उसळते. यंत्राचा दोष नाही. ३५५/११३ हा अपूर्णांक पायच्या फार जवळ आहे, म्हणून रेडियनमध्ये ३५५ चा साइन जवळपास शून्य येतो आणि छेद एकदम लहान होतो. डिग्री मोडमध्ये ही उडी दिसणारच नाही, उलट १८० ला शून्याने भागल्याची एरर येईल. ही श्रेणी अभिसारी आहे की नाही, हा प्रश्न गणितात अजून खुला आहे. पायला अपूर्णांक किती जवळून गाठू शकतात, या कठीण प्रश्नाशी तो जोडलेला आहे. तिचा आलेख पाहून कुणी ठाम उत्तर देत असेल तर ते मान्य करू नका. ही श्रेणी मी मुद्दाम दाखवतो, कारण ३५४ पदांची शांतता पुढच्या एका पदाबद्दलही काही सांगत नाही, हे इथे उघड दिसतं.

शंका पाठवताना

नुसता आलेखाचा स्क्रीनशॉट पाठवला तर मला किंवा तुमच्या कॉलेजच्या सरांना त्यावरून काहीच सांगता येत नाही. श्रेणीचं सामान्य पद कंसांसकट लिहा, एन कुठून सुरू केला ते लिहा, साइन-कोसाइन असेल तर मोड लिहा. एन वाढवल्यावर नुसतं पद शून्याकडे जातं का, तेही सांगा. ते जात नसेल तर श्रेणी तिथेच अपसारी ठरते आणि पुढचं काही करायची गरज राहत नाही. मग एस(१००), एस(२००), एस(४००), एस(८००), त्यांच्यातली भर आणि भरींची गुणोत्तरं एका ओळीत द्या. यंत्र कुठलं आहे आणि एरर आली असेल तर ती कितव्या पदाला आली, हेही लिहा. एरर ७० किंवा १७१ ला आली असेल तर विचारायच्या आधी पदावरून पद काढून एकदा बघा.